वगळलेल्या महिन्याचे वजन

२० मे २०१९ रोजी किलोग्रॅमची व्याख्या बदलली. त्याआधी जगातला एक किलो म्हणजे तिजोरीत, काचेच्या घुमटांखाली जपलेला धातूचा एक दंडगोल होता. त्या दिवसापासून त्याची जागा निसर्गातल्या एका स्थिरांकाने घेतली. कुणाचेही वजन त्यामुळे रतीभर बदलले नाही, आणि ते बदलू नये अशीच सारी व्यवस्था केलेली होती.

त्याच वर्षी जुलैत मात्र एका बालआरोग्य केंद्रात आलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाचे वजन एका सकाळीत घटले. ते घटवले वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका बाईने, आणि तिची स्वतःची मुलगीही त्या रांगेत होती. ही हकिकत तिने, तिच्या थोरल्या जावेने आणि केंद्रातल्या परिचारिकेने वेगवेगळी सांगितली. तिघींचे जिथे जुळते ते सरळ लिहिले आहे; जिथे जुळत नाही तिथे तसे म्हटले आहे.

बाईला इमारतीत ‘काटेवाली’ म्हणत. नाव ठेवणाऱ्यांचा हेतू फारसा चांगला नसावा, पण तिला ते खटकले नाही. शाळा संपताच ती काट्यांच्या कार्यशाळेत लागली होती. पहिले वर्षभर तिला फक्त पितळी वजने मऊ चामड्याने पुसायचे काम होते, तेही हातमोजे घालून, कारण बोटाचा घामदेखील तिथे वजनात धरतात. कार्यशाळा दोन खोल्यांची. आतल्या खोलीत दगडी ओट्यावर तपासणीचा तराजू, आणि तो चालू असताना दार बंद, पंखा बंद. उन्हाळ्यात तिथे माणसे घामाने निथळत, पण पारड्यावर वाऱ्याची झुळूक पडलेली चालत नसे. कार्यशाळेच्या मालकाचा एक नियम होता: काटा कुणाचा आणि त्यावर काय तोलतात, हे विचारायचे नाही. कसायाचा असो की सोनाराचा, काट्याला दुखणे एकच, असे तो म्हणे.

लग्नानंतर ती सासरच्या इमारतीत आली. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन घरे. एकात थोरला दीर आणि जाऊ, दुसऱ्यात ही आणि तिचा नवरा. सासूबाई दोन्हींकडे राहत, म्हणजे झोपत थोरल्याकडे आणि लक्ष ठेवत दोन्हीकडे. नवरा लिफ्टच्या देखभालीचे काम करी. घरात वाद झाला की तो गप्प बसे. “त्याची सवयच आहे,” जाऊ म्हणे, “दोन मजल्यांच्या मधोमध थांबायची.”

दोन्ही जावांना पंधरवड्याच्या अंतराने मुले झाली. थोरलीचा मुलगा जन्मतःच दणकट. त्याला ‘पैलवान’ म्हणू लागले. धाकटीची मुलगी अंगाने बारीक, आवाजाने मोठी, ती ‘चिमणी’. सहा महिने दोघेही दुधावर होते तोवर घरात शांतता होती. वरचे अन्न सुरू झाले आणि स्पर्धाही सुरू झाली.

जाऊ हुशार बाई होती. हिशेबनिसाची नोकरी तिने मुलासाठी सोडली होती आणि ती सोडणे वाया जाऊ नये म्हणून मुलाचे संगोपन तिने नोकरीसारखेच हाती घेतले. सकाळी कुस्करलेले केळे, दुपारी भात आणि गाजर, संध्याकाळी उकडलेला बटाटा. प्रत्येकाची वाटी वेगळी, प्रत्येकाची वेळ भिंतीवर चिकटवलेली. इमारतीतल्या आयांचा मोबाइलवर एक ग्रुप होता आणि तो तीच चालवी. त्यात रोज रिकाम्या वाट्यांचे फोटो पडत. ‘आज अख्खी वाटी, एकही घास बाहेर नाही.’ त्यावर बाकीच्या टाळ्यांची चित्रे टाकत आणि लगेच आपल्या वाटीचा फोटो धाडत. काटेवालीने त्या ग्रुपात कधी काही टाकल्याचे कुणाला आठवत नाही.

टाकण्यासारखे तिच्याकडे नव्हतेच. चिमणीला चमचा दिसला की ती ओठ मिटे आणि शेजाऱ्याशी अबोला धरल्यासारखी मान फिरवी. हातात गाजराचा तुकडा दिला तर हिरड्यांनी तासत बसे. त्यातले पोटात किती जाई आणि फरशीवर किती, सांगणे कठीण. दिवसा आई कामावर असताना ती आईने काढून ठेवलेले दूध पेल्याने पिई आणि संध्याकाळी आईची वाट बघे.

या संध्याकाळींबद्दल काटेवाली थोडे मोकळेपणाने बोलली. घरी आल्यावर ती कोपरापर्यंत हात घासून धुई, कारण पितळेचा वास जात नाही. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसे. चिमणी रांगत येई आणि तिचे बटण स्वतः ओढू लागे. “दिवसभरात तेवढंच माझं असायचं,” ती म्हणाली. “कामावर सगळ्यांचे काटे, घरात सगळ्यांची मतं.”

मते पुष्कळ होती. सासूबाईंचे मत असे की अंगावरच्या दुधाने पोट भरते म्हणून पोर जेवत नाही. दूध तोडले की आपसूक जेवेल. केंद्रातल्या डॉक्टरांनी मुलगी ठीक आहे असे सांगितले होते, पण त्यावर सासूबाईंनी घरी येऊन विचारले, “ठीक म्हणजे काय? भाजी बिघडली तरी पाहुणे ठीक आहे म्हणूनच खातात.”

केंद्रातल्या दरमहाच्या वजनाला जूनमध्ये पैलवान दहा किलो चारशे भरला, चिमणी आठाच्या आत राहिली. घरी परतताना जिन्यातच बोलणे निघाले.

“हातच्या काकणाला आरसा कशाला?” जाऊ पैलवानाला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली. “मी काही बोलत नाही. पण दहा महिन्यांची होत आली, आता तरी तोडायला हवं.”

“बोलत नाही म्हणता आणि जिनाभर बोलताय, ताई.”

“अगं, तुझ्याच भल्याचं. तू कामावर असतेस. मी दिवसा हिला माझ्याकडे घेते, याच्याबरोबर बसवते. आठ दिवसांत चमचा धरेल.”

“आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळीही माझ्याकडेच राहू दे. तू समोर दिसलीस की ही दुसरं काही तोंडात घेणार आहे का?”

सासूबाईंनी निकाल दिला: पुढच्या महिन्यात वजन वाढले तर वाढले; नाहीतर अंगावरचे बंद आणि पोर थोरलीकडे. काटेवालीने नवऱ्याकडे पाहिले. तो जिन्यातला दिवा लागतो का ते बघत होता. तिने मान हलवली. हो म्हटले की नाही म्हटले, यावर दोन्ही जावांचे आजही एकमत नाही. पण अट ठरली, एवढे दोघी मान्य करतात.

महिना सरत आला आणि ठरलेल्या वजनाच्या तीन दिवस आधी केंद्राच्या काट्याची तपासणी आली. ही तपासणी वर्षाकाठी एकदा होई आणि ती कार्यशाळेतला दुसरा कारागीर तिथे जाऊन करी. त्या आठवड्यात त्याची पाठ धरली होती. मालकाने अवजारांची आणि वजनांची पिशवी काटेवालीच्या हाती दिली. तिने कुणाचा काटा ते विचारले नाही. पत्ता वाचल्यावर कळले.

काटा जुन्या पद्धतीचा होता: वर बाळाला निजवायचे तसराळे, समोर खुणांची दांडी आणि दांडीवर सरकणारे वजन. परिचारिका रोज सकाळी बाजूचा नट फिरवून तो शून्यावर आणी, आणि शून्यावर तो चोख थांबे. म्हणून त्याच्याविषयी कुणाला संशय आला नव्हता. काटेवालीने तसराळ्यात पाच किलोचे प्रमाण वजन ठेवले. काट्याने दोनशे ग्रॅम जास्त दाखवले. दहा किलो ठेवले, चारशे जास्त. तिने सरकते वजन काढून उलटे केले. त्याच्या पोटात एक पोकळी असते आणि वजन अचूक करायला तिच्यात शिशाची गोळी बसवून वरून स्क्रू लावलेला असतो. स्क्रू नव्हता. गोळीही नव्हती. सरकते वजन हलके झाले होते, म्हणून दांडी सपाट करायला ते पुढे, आणखी पुढे ढकलावे लागत होते. बाळ जितके जड तितकी चूक मोठी.

पुढचा हिशेब तिने तिथेच स्टुलावर बसून केला, हे तिने स्वतः सांगितले. जूनमध्येही काटा असाच बिघडलेला असला, तर तो दुरुस्त केल्यावर तीन दिवसांनी चिमणी जूनपेक्षा कमी भरणार हे उघड होते. एका महिन्यात ती चूक भरून काढण्याइतकी वाढ त्या मुलीत नव्हती. काटा तसाच ठेवला तर कदाचित निभावेल. आणि तसा ठेवायला निमित्तही होते. सुटा भाग मागवायचा आहे असे लिहून पुढच्या आठवड्याची वेळ घ्यायची. कार्यशाळेत हे नेहमी चाले आणि त्यात कुणी खोट काढली नसती.

तिने पिशवीतून शिसे काढले, कापले, तोलले, पुन्हा कापले, पोकळीत बसवले, स्क्रू लावला. पाच किलोला पाच, दहाला दहा. तार ओवून सील दाबले.

का, असे विचारल्यावर तिने आधी प्रश्नच कळला नाही असे दाखवले. पुन्हा विचारल्यावर म्हणाली, “शिसं पिशवीत होतं.” यापेक्षा मोठे कारण तिने दिले नाही, आणि ते तिच्या वतीने देण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही.

निघताना आपण परिचारिकेला, काटा जास्त दाखवत होता, आता बरोबर केला आहे, असे सांगितल्याचे ती म्हणते. परिचारिका म्हणते, तिने फक्त ‘झालं’ म्हटले आणि सही घेतली. दोघी आपापल्या म्हणण्यावर ठाम आहेत. परिचारिका त्या वेळी लसींच्या पेटीबद्दल फोनवर कुणाशी तरी भांडत होती, एवढे मात्र ती स्वतःच सांगते. तेव्हा दोघी खरे बोलत असणेही शक्य आहे.

वजनाच्या दिवशी केंद्राच्या लांबट खोलीत बाके भरली होती. पहिले बाळ कमी भरले तेव्हा त्याची आई म्हणाली, “परत बघा हो, हलला असेल तो.” परत बघितले, तेवढेच. दुसरे घटले. तिसरे जेमतेम जागच्या जागी. चौथ्या बाळाच्या आजीने जाहीर केले की दात येताना असे होते. पाचव्याची आई म्हणाली की आमचे दात येऊन गेले.

पैलवानाला तसराळ्यात ठेवले. परिचारिकेने वजन सरकवले आणि मग थोडे मागे घेतले. “दहा शंभर.”

“दहा चारशे होता,” जाऊ म्हणाली.

“आता दहा शंभर आहे.”

“असं कसं? दोन वाट्या बटाटा खातो तो. मी मोजून देते.”

“मी पण मोजूनच सांगतेय, बाई.”

मागून काटेवाली म्हणाली, “ताई, काटा आधी चुकीचा होता. मी तीन दिवसांपूर्वी दुरुस्त केला.”

खोलीतली सगळी डोकी तिच्याकडे वळली. हे वाक्य तिने कार्यशाळेत म्हटले असते तर कुणी मान वर केली नसती. इथे तिची मुलगी कडेवर होती आणि मुलीचे वजन अजून व्हायचे होते.

“तू?” जाऊने विचारले. “तू हात लावलास काट्याला?”

“तपासणी होती. कामावरून पाठवलं.”

“तीनच दिवस आधी. आणि नेमकी तुलाच.”

“ज्याचं काम होतं त्याची पाठ धरली होती.”

“बघा आई,” जाऊ सासूबाईंकडे वळली, “हिची भरत नाही, तर सगळ्यांचीच कमी करून टाकली. काट्यानं काटा काढला.”

बाकावरची एकजण हसली. बाकीच्या हसल्या नाहीत, कारण त्यांचीही बाळे घटली होती. मग चिमणीला ठेवले. ती तसराळ्यात पालथी होऊन कडेला चावू लागली. सात किलो सातशे. जूनमध्ये सातशेच्या जागी नऊशे होते. स्वतःच्याच सोयीसाठी काटा फिरवणारीने स्वतःच्या मुलीला का कमी करावे, हा प्रश्न कुणीतरी तेव्हाच विचारायला हवा होता. तो कुणी विचारला नाही.

घरी सासूबाई म्हणाल्या, “वजन घटलं. बोललो ते बोललो. उद्यापासून पोर थोरलीकडे.”

“आई, काटा…”

“काट्याचं तू कामावर सांग. मला पोरीचं सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीला समोरच्या घरी नेले. पण थोरलीचे घर त्या दिवशी दुसऱ्या मुलाकडे बघायच्या अवस्थेत नव्हते. पैलवानाने तीनशे ग्रॅम गमावले होते. तिने भिंतीवरचे वेळापत्रक काढून नवे लावले. दोन जेवणांच्या मध्ये आणखी एक जेवण घातले. पैलवान बिचारा सवयीने तोंड उघडत गेला आणि तिसऱ्या वाटीनंतर सगळे तिच्या पदरावर आले. ग्रुपात त्या दिवशी एकाही वाटीचा फोटो पडला नाही. संध्याकाळी काटेवाली मुलीला न्यायला आली तर दारातच सासूबाई उभ्या. “आज नको. लागू दे तिला सवय.” आतून चिमणीचा आवाज येत होता. काटेवाली आपल्या घरी गेली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत न बसता उभी राहिली, असे नवऱ्याने सांगितले. तो पुढे म्हणाला, “तेव्हा मी जाऊन आणायला हवी होती.” त्याने आणली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जाऊ कार्यशाळेत आली, पैलवानाला घेऊन. ती तिथे त्याआधी कधी आली नव्हती. मालकाने तिला बसायला स्टूल दिले आणि नियमाप्रमाणे काही विचारले नाही.

“खरं सांग,” ती काटेवालीला म्हणाली. “तो काटा चुकीचाच होता ना?”

“होता.”

“मग याला इथं तोल. माझ्यासमोर.”

काटेवालीने मालकाकडे पाहिले. त्याने दार लावले, पंखा बंद केला. मोठ्या काट्यावर फडके अंथरून पैलवानाला बसवले. तो उतरला दहा शंभरच, वर फडक्याचे काय असेल ते.

जाऊने वाकून आकडा पुन्हा वाचला. “म्हणजे आजचं खरं.”

“आजचं खरं.”

“आणि जूनचं? चूक किती ते तू पाहिलंस. ती वजा कर आणि सांग.”

“ते नाही जमायचं, ताई. आतली गोळी पडली होती. जूनच्या आधी पडली असेल तर हा शंभरभर वाढलाय. जूननंतर पडली असेल तर तीनशे घटलाय.”

“कधी पडली मग?”

“ते काट्याला विचारता येत नाही.”

“एवढं शिकलीस काट्यांचं, आणि एवढं सांगता येत नाही?”

“नाही.”

जाऊने मुलाला उचलले, फडके त्याच्याभोवतीच राहिले. दारापर्यंत जाऊन ती थांबली. “म्हणजे हा वाढलाही असेल.”

“असेल.”

“मग तुझीही वाढली असेल.”

“असेल.”

“हं,” जाऊ म्हणाली आणि फडके परत करायचे विसरून निघून गेली.

त्या संध्याकाळी तिने सासूबाईंसमोर वकिलासारखी बाजू मांडली. काटा बिघडलेला होता हे आपण स्वतः खात्री करून आलो आहोत. तेव्हा जून ते जुलै हा महिना धरायचाच नाही, कुणाचाच नाही. सासूबाई म्हणाल्या, “कालपर्यंत तर ही लबाड होती.” जाऊ म्हणाली, “कालपर्यंत मी कुठं गेले होते बघायला?” तिला धाकटीची बाजू घ्यायची होती असे ती आजही म्हणत नाही. पैलवान घटला नाही हे तिला सिद्ध करायचे होते, आणि चिमणीला सोडून एकट्या पैलवानाला सोडवणे त्या युक्तिवादात बसत नव्हते. तिच्या या स्पष्टपणाबद्दल काटेवालीला तिच्याविषयी जरा आदरच आहे.

सासूबाईंनी थोडा विचार करून अट पुढच्या महिन्यावर ढकलली. चिमणी तेव्हाच्या तेव्हा समोरच्या घरातून परत आली आणि काटेवालीने हात न धुताच तिला घेतले.

ग्रुपात जाऊने लिहिले की केंद्राचा काटा सदोष होता, कुणी घाबरू नये. त्यावर निम्म्या आयांनी हात जोडल्याची चित्रे टाकली. उरलेल्या निम्म्यांचे म्हणणे पडले की आधीचाच काटा बरोबर असावा. त्यांची मुले आधी जास्त भरत होती. वाट्यांचे फोटो आठवड्याभरात पुन्हा सुरू झाले.

ऑगस्टच्या वजनात दोन्ही मुले वाढली. पैलवान जास्त, चिमणी कमी. सासूबाईंनी दोन्ही आकडे ऐकले आणि वाढले म्हणजे वाढले, असे म्हणून विषय सोडला, कदाचित पुन्हा काट्यावर जायला नको म्हणून. चमच्याशी चिमणीचा अबोला आणखी बरेच दिवस टिकला. मग ती दुसऱ्याच्या ताटातले उचलून खाऊ लागली, विशेषतः पैलवानाच्या. अंगावरचे तिने सुटत सुटत सोडले. शेवटचा दिवस कोणता, हे आईलाही सांगता येत नाही, कारण तो शेवटचा आहे हे त्या दिवशी कुणाला माहीत नव्हते.

कागदावर आणि बोलण्यात मिळून जे हाती लागते ते इतकेच. शिशाची गोळी सापडली नाही. ती कधी पडली, हे माहीत नाही. आधीच्या वर्षाच्या तपासणीत काटा बरोबर होता. त्यानंतरच्या कोणत्याही दिवशी ती पडलेली असू शकते, आणि म्हणून त्या वर्षभरातल्या कुठल्याच बाळाचे वजन आता दुरुस्त करता येत नाही. परिचारिकेला सांगितले गेले होते की नाही, हे माहीत नाही. आणि ज्या महिन्यावर एका मुलीचे दूध अवलंबून ठेवले होते, त्या महिन्यात ती वाढली की घटली, हे माहीत नाही.